अकरा दिवसांच्या नोंदी

मेश्राम मॅडम कीबोर्डला हात लावण्याआधी तो उचलून उलटा करायच्या आणि टेबलावर दोनदा आपटायच्या. त्यातून चिवड्याचे पोहे पडायचे, सुपारीची खांडं पडायची, एकदा झुरळाचा पाय पडला होता. मग त्या पर्समधून जुन्या सुती साडीचा चौकोनी तुकडा काढायच्या, त्यावर स्पिरिटचे चार थेंब टाकायच्या आणि एकेक कळ पुसून घ्यायच्या. पुसताना चेहरा असा व्हायचा की ज्याचा कीबोर्ड असेल त्याला दुसरीकडे पाहावं लागे. तो बहुतेक वेळा माझाच असायचा.

"खेडकर, तुमी याच्यावर जेवता काय?" त्या विचारायच्या.

आमचं ऑफिस नव्या रायपुरात होतं, तिसऱ्या मजल्यावर. राजधानी तेव्हा नवीच उभी राहत होती. शहरातून ऑफिसच्या बसनं यायचं, रुंद मोकळ्या रस्त्यांवर उतरायचं आणि ज्या इमारतीचा रंग अजून वाळायचा होता तिच्या जिन्याच्या कोपऱ्यांत गुटख्याचे लाल फराटे बघत वर चढायचं. मॅडम जिन्याच्या अगदी मधून चढायच्या. कठड्याला त्यांनी कधी हात लावला नाही. ऑफिसचा चहा त्या घेत नसत, कारण कप कोणत्या बादलीत विसळले जातात ते त्यांनी पाहिलं होतं. तेच आम्हीही पाहिलं होतं, पण आम्ही चहा घ्यायचो.

आमच्याकडे जुन्या जन्मनोंदींच्या वह्या यायच्या. तहसिलींतून, जुन्या दवाखान्यांतून, गोण्यांत भरून. आठ जणी स्कॅनरवर बसून पानामागून पान स्कॅन करायच्या, ती चित्रं सर्व्हरवर साठायची. सर्व्हर मेश्राम मॅडमचा. मी त्यांचा सहायक, कंत्राटावर. माझं घर जुन्या शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यात, ब्राह्मणांच्या जुन्या वस्तीत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. त्यांचं घराणं भंडाऱ्याकडचं, वडील रेल्वेत फिटर होते. लग्न केलेलं नव्हतं, आईला घेऊन राहायच्या. त्यांच्याबद्दल मला यापलीकडे फार काही कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. माझ्याशी मात्र त्या हट्टानं मराठीच बोलायच्या. मी हिंदीत उत्तर दिलं की म्हणायच्या, "मले समजलं नाही."

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो आणि सांगितलं की नवीन डिस्क लागत नाहीये.

"लागत नाही म्हंजे काय? मशीन काय म्हणते?"

"एरर येतो."

"वाचला काय?"

मी वाचला नव्हता. त्या उठून आल्या, माझ्या पडद्यावरची इंग्रजी ओळ बोटानं दाखवत, गावाहून आलेलं पत्र वाचावं तशी शब्दाशब्दानं मराठीत वाचून दाखवली. यंत्र सांगत होतं की या जागेवर ओळखीची रचनाच नाही. मी डिस्कचे भाग पाडले होते, पण ते फॉरमॅट केले नव्हते.

"खिडकीतून पाहा," त्या म्हणाल्या. बाहेर मैलभर रिकामी जमीन होती, चुन्याच्या रेघा मारलेली. "तो प्लॉट हाय. आखला हाय, पण घर नाही बांधलं. तुमी प्लॉटवर जाऊन दार ठोठावून राहिले, अन् म्हणता कोणी उघडत नाही."

मग कमांड लिहिली. पण एंटर दाबण्याआधी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले आणि लिहिलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. हे त्या दर वेळी करायच्या. ज्या कमांडनं डिस्क पुसली जाते त्या कमांडच्या वेळी तर दोनदा. मी इंटरनेटवरून कमांड उचलून चिकटवायचो. त्याला त्या 'उष्टं' म्हणायच्या. "दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाता, अन् त्याले कोणता रोग होता ते ठाऊक नाही तुमाले."

त्यांची किळस फक्त घाणीपुरती नव्हती. ती ढिलाईची होती आणि ढिलाईला प्रेमाचं नाव देण्याची होती. आमचे प्रकल्प अधिकारी खुराना साहेब कशालाही "हो जाएगा" म्हणायचे. मॅडम त्यांच्या तोंडावर म्हणायच्या, "होता नहीं है सर, करना पड़ता है." साहेब हसायचे. त्या हसायच्या नाहीत.

एका दसऱ्याला साहेबांनी सर्व्हरची पूजा करवली. झेंडू, कुंकू आणि वर नारळ फोडला तो थेट सर्व्हरच्या कपाटावर. मॅडम दुपारी आल्या, वाकून पाहिलं, नारळाचं पाणी जाळीतून आत ओघळत होतं. त्यांनी यंत्र बंद केलं, सगळं कोरडं पुसलं, फुलं कागदात गुंडाळून बाहेर ठेवली. तासाभरात ऑफिसभर झालं की मेश्राम पूजा मानत नाहीत म्हणून कुंकू पुसलं. कोणी काय काय बोललं ते इथे लिहिणार नाही, पण ते सगळं त्यांच्या कानावर गेलं आणि मी तिथे होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "मशीन ओलं होतं." मी काहीच बोललो नाही. मी ब्राह्मणपाऱ्यातला, मी बोललो असतो तर वजन पडलं असतं. म्हणूनच बोललो नसेन.

पण त्याच बाई वह्या उघडल्या की वेगळ्या व्हायच्या. जेवणाच्या सुट्टीत स्कॅनिंगच्या खोलीत जाऊन त्या जुनी पानं वाचत बसायच्या. दुकाळात जन्मला म्हणून दुकालू, बुधवारचा म्हणून बुधारू, सोमवारचा समारू. कुठे नावाच्या जागी नुसतं 'लडकी'. अशा पानावर त्या बराच वेळ थांबायच्या. एकदा आईच्या नावाचे रकाने सलग सात पानं कोरे निघाले.

"सात पानं," त्या म्हणाल्या. "पोट्टे काय बापानं काढले?"

शेजारी दुलारी साहू बसली होती. स्कॅनरवरच्या आठ जणींतली सगळ्यात नीटनेटकी, जवळच्याच गावातून सायकलनं येणारी. ती तोंडावर पदर धरून हसली. मॅडमना ऑफिसात माणूस आवडलेलं मी पाहिलं ते हिच्यापुरतंच. दुलारी पानाला हात लावण्याआधी हात धुऊन यायची. वह्या इतक्या जुन्या होत्या की पान काचेवरून उचलताना कडा तुटून हातात यायच्या. काही पानं एकदाच स्कॅन व्हायची. दुसऱ्यांदा स्कॅन करायला पान उरायचंच नाही. म्हणून सर्व्हरवर जे होतं तेच खरं, त्याच्या मागे कागद नव्हता.

त्या वर्षी नवी सॉलिड स्टेट डिस्क आली. जुनी डिस्क लहान होती, हळू होती, भरत आली होती, त्यातून पानं आता कितीतरी मोठ्या आकारात स्कॅन व्हायला लागली होती. नेमकं त्याच आठवड्यात मॅडमच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला ठरलं. जाण्याआधी त्यांनी नव्या डिस्कचं पार्टिशन केलं, फॉरमॅट केलं, 'नोंदी' नावाच्या फोल्डरवर ती माउंट केली, म्हणजे बसवली, आणि आधीचे सगळे स्कॅन तिच्यावर हलवले. मग मला समोर बसवून सांगितलं.

"मशीन चालू होताना कोणती डिस्क कुठी बसवायची, त्याची यादी असते. त्या यादीत ही ओळ लिहा. डिस्कले दोन नावं असतात. एक हाकेचं, आखूड. ते बदलते, दुसरी डिस्क लावली की हिचं नाव तिले जाते. दुसरं लांब असते, ते बदलत नाही. लांबवालं लिहा. अन् मशीन एकदा बंद करून चालू करून पाहा. माझ्यासमोर नाही पाहिलं तरी चालते, पण पाहा."

मी हो म्हणालो. त्या बसनं गेल्यावर मी आखूड नाव लिहिलं, कारण लांब नाव छत्तीस अक्षरांचं होतं. आणि बंद करून चालू करून पाहिलं नाही, कारण सगळं चालू होतं.

चार दिवसांनी इमारतीत विजेचं काम निघालं. सर्व्हर बंद करावा लागला. चालू करताना साहेबांच्या सांगण्यावरून बॅकअपसाठी आणखी एक डिस्क लावलेली होती. झालं. आखूड नाव दुसरीला गेलं, यादीतली ओळ खोटी ठरली, आणि यंत्र काळ्या पडद्यावर अडून बसलं. मागे खुराना साहेब उभे, बाहेर आठ जणी रिकाम्या. मी त्या ओळीच्या सुरुवातीला एक चिन्ह टाकलं, म्हणजे यंत्रानं ती ओळ वाचूच नये. यंत्र लगेच सुरू झालं. साहेबांनी पाठीवर थाप मारली. नवी डिस्क हातानं बसवून टाकू, असं मी मनात म्हटलं आणि तेवढ्यात कोणीतरी मला बैठकीला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी दुलारी माझ्या टेबलापाशी आली. "भैया, पुराना मन नइ दिखत हे," ती म्हणाली. जुने स्कॅन दिसत नाहीत.

"हो जाएगा," मी म्हणालो.

ती जागेवर गेली. अकरा दिवस सगळ्या जणी काम करत राहिल्या आणि अकराव्या दिवशी सर्व्हर भरला म्हणून थांबला. पुरवठादाराचा इंजिनियर आला. नवी डिस्क बसवलेलीच नाही हे त्याला पाच मिनिटांत कळलं, त्यानं ती हातानं बसवली. जुने स्कॅन सगळे दिसू लागले. मात्र गेल्या अकरा दिवसांचं एकही पान कुठे नव्हतं.

खुराना साहेबांनी दार लावून घेतलं. वरच्यांना काय सांगायचं याचा विचार त्यांनी फार वेळ केला नाही. चुकलेले स्कॅन खोडण्याची परवानगी ऑपरेटर मुलींना होती आणि शेवटच्या दिवशी खोडाखोड दुलारीच्या मशीनवरून झाली होती. तिच्याच हातून फोल्डर उडालं असावं, असा एक परिच्छेद त्यांनी टाइप करवला. खाली तांत्रिक सहायकाच्या सहीची जागा होती.

मला तेव्हा नेमकं काय झालं ते कळलेलं नव्हतं. पण दुलारीनं काही केलं नाही एवढं कळत होतं, आणि माझ्या त्या चिन्हाशी याचा काही संबंध आहे असा दाट संशय होता. ते बाहेर येऊ नये म्हणूनच मी सही केली. दुलारीला सांगितलं गेलं की उद्यापासून येऊ नको. तिनं डबा पिशवीत घातला. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्यामुळे मला बरं वाटलं. आज आठवलं की त्या बरं वाटण्याची मला सगळ्यात जास्त घाण वाटते.

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. सर्व्हरच्या खोलीत इंजिनियर बसला होता. भरलेली जुनी डिस्क साफ करून तिच्यावर सगळी यंत्रणा नव्यानं घालायची, असा साहेबांचा आदेश होता. मॅडमनी दारातूनच सगळं ऐकून घेतलं.

"भैया, ज़रा उठिए," त्या म्हणाल्या.

"मैडम, बस फॉरमॅट मारना है. सर ने बोला है."

"उठिए."

तो उठला. त्या बसल्या. कीबोर्ड पुसला नाही. ते मी पहिल्यांदाच पाहिलं. एक कमांड सांगते की डिस्क किती भरली आहे. दुसरी एकेक फोल्डर मोजून सांगते की कशानं भरली आहे. त्यांनी दोन्ही चालवल्या आणि दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. पहिली म्हणत होती डिस्क गच्च भरली. दुसरीच्या बेरजेत अर्धीसुद्धा भरत नव्हती.

"खेडकर, हे पाहा. भरली तर हाय. पण कशानं भरली ते दिसत नाही. मंग जे दिसत नाही ते कुठी असन?"

मी कागदावरचे दोन्ही आकडे पुन्हा वाचले.

"सतरंजीवर गादी टाकली की सतरंजी दिसते काय? 'नोंदी' फोल्डर जुन्या डिस्कवर हाय. त्याच्यावर नवी डिस्क बसली की नवीतलं दिसते. बसलेली नसन, तर फोल्डर तेच, पण माल खाली जुन्या डिस्कवर पडते. अकरा दिवस माल खाली पडला. काल यानं वरून गादी टाकली." त्या इंजिनियरकडे वळल्या. "और आज आप नीचे का सब जलाने बैठे थे."

नवी डिस्क उतरवण्याची कमांड त्यांनी लिहिली. यंत्रानं नाकारली: डिस्क वापरात आहे. कोणीतरी फाइल उघडून बसलं होतं. त्यांनी कोण ते शोधलं. खुराना साहेबांचं मशीन होतं. नव्या डिस्कवर, जन्मनोंदींच्या शेजारी, त्यांच्या पुतण्याच्या लग्नाचे व्हिडिओ होते, आणि साहेब आपल्या खोलीत बसून वरात पाहत होते.

मेश्राम मॅडमच्या तोंडून तेव्हा जो आवाज निघाला तो शब्द नव्हता. लहान मूल कडू औषध थुंकताना करतं तसा काहीतरी होता.

त्या साहेबांच्या खोलीत गेल्या, मी दारापर्यंत. "सर, शादी बंद कीजिए," त्या म्हणाल्या. साहेबांनी काही विचारण्याआधी त्या परतल्या होत्या. मग डिस्क उतरली. त्यांनी 'नोंदी' उघडलं. तारखांची अकरा फोल्डरं एकाखाली एक उभी होती. त्यांनी पहिलं उघडलं, मधलं उघडलं, शेवटचं उघडलं. पानं होती. एका पानाच्या कडेला दुलारीचा अंगठा आला होता, वही दाबून धरलेला.

सगळं नव्या डिस्कवर नक्कल करून, मोजून, ताडून झाल्यावर त्यांनी यादी उघडली. माझी ओळ समोर आली, आखूड नावाची, सुरुवातीला चिन्ह लावलेली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"अन् त्या पोट्टीच्या नावाचा कागद हाय म्हणतात, त्याच्यावर सही?"

"माझीच."

त्यांनी ती ओळ पुसली आणि लांब नाव घालून नव्यानं लिहिली. हात मांडीवर ठेवले. पहिल्यापासून वाचली. यंत्र बंद करून चालू केलं आणि डिस्क आपोआप बसलेली पाहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आखूड लिहिलं, त्याची मले घाण नाही वाटत. माणूस चुकते. मी पण एकदा भरलेली डिस्क पुसली हाय, नोकरीच्या पहिल्या वर्षात. सही केली त्याची वाटते."

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी दुसरा कागद लिहिला: चूक माझी, दुलारी साहूचा दोष नाही. मॅडमनी तो वाचला, दोन ठिकाणी हिंदी दुरुस्त केली. साहेबांनी तो ठेवून घेतला आणि तो फाइलला कधी लागलाच नाही. वर अहवाल गेला की पुरवठादाराच्या मदतीनं डेटा परत मिळवला. साहेबांचं कौतुक झालं. मॅडमची बदली जुन्या शहरातल्या स्टोअरला झाली, खुर्च्या आणि पंख्यांची यादी ठेवायला. माझं कंत्राट वाढलं.

जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "मी दुलारीच्या घरी चालली. तुमी येता?"

मी म्हणालो, साहेबांनी एक काम दिलंय.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला नंतर त्यांच्यासोबत गेलेल्या शिपायाकडून कळलं. मॅडमनी दुलारीला सांगितलं की तुझी काही चूक नव्हती, हे दाखवणारा कागद मी पाहिला आहे. दुलारी "हव" म्हणाली, म्हणजे हो. परत ये म्हटल्यावर तिनं मान हलवली, नाही म्हणून. चहा केला. मॅडम तो प्यायल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, पाच-सहा वर्षांनी, पंडरीच्या कापडबाजारात. मी बायकोसोबत चादरी घ्यायला गेलो होतो. त्या शेजारच्या दुकानात पडद्याचं कापड उजेडात धरून पाहत होत्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते. त्यांनीच हाक मारली.

"खेडकर. अजून तिथंच?"

"तिथंच. आता कायम झालो." आई कशी आहे, मी विचारलं. आई गेली होती. मी उन्हाबद्दल बोललो, नव्या बसबद्दल बोललो. त्या ऐकत राहिल्या.

"दुलारीनं गावात स्वतःचं केंद्र टाकलं," त्या मध्येच म्हणाल्या. "दाखले काढून देते लोकांले. चांगलं चालते. मी जातो महिन्यातून एकदा, मशीन पाहून देतो." मग कापडाची घडी घालत, "तुमचं ऑफिस अन् तिचं गाव, दूर नाही. भेटून या."

"हो, जाईन."

"कधी?"

विचारण्यात राग नव्हता. तारीख हवी होती इतकंच. माझ्याजवळ नव्हती. बायको चादरीचा रंग दाखवायला बोलावत होती, मी तिकडे पाहिलं. परत वळलो तेव्हा मॅडमनी कापडाचं पुडकं बगलेत घेतलं होतं. त्यांनी मान हलवली, जणू माझं उत्तर त्यांना मिळालं होतं, आणि हातगाड्यांमधून, कापडाच्या गाठींमधून वाट काढत, अंग चोरत, कशालाही न शिवता त्या रस्त्याला लागल्या.

दुलारीचं गाव माझ्या रोजच्या बसच्या वाटेवर आहे. मी अजून उतरलेलो नाही.